रतनगडाच्या पदरात तीन दिवस: वाट कोणाची, हे आधी विचारा

तुमचा प्रश्न असा आहे. घरचे पाच जण, धाकटी मुलगी ११ वर्षांची, सासूबाई ६३ वर्षांच्या. सिंहगड, लोहगड, राजमाची झालेत. आता सलग तीन दिवस अशा ठिकाणी चालायचंय जिथे दाट झाडी, तलावाचा काठ आणि डोंगर हे तिन्ही भेटतील. नोव्हेंबरमध्ये जावं की जूनच्या काजव्यांना, हे ठरत नाही. मोबाइलवर वाटेची फाइल उतरवून घेतली आहे, मग वाटाड्या लागेल का, असंही विचारलंय.

भंडारदऱ्याजवळ रतनवाडीला मुक्काम टाका, नोव्हेंबरच्या मध्यानंतर जा आणि वाटाड्या घ्याच. मी गेली २२ वर्षं या खोऱ्यात माणसं घेऊन चालतोय, त्यातून जे समजलं ते सविस्तर सांगतो.

आधी जागा समजून घ्या. शेंडी गावाजवळ प्रवरा नदीवर विल्सन धरण आहे. १९१० साली काम सुरू झालं, १९२६ मध्ये पुरं झालं. ८२ मीटर उंच दगडी भिंत आणि तिच्यामागे सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. कागदोपत्री या जलाशयाला आर्थर लेक म्हणत आले, गावात सगळे नुसतं 'धरण' म्हणतात. खाली संगमनेर-श्रीरामपूरकडचा ऊस या पाण्यावर उभा आहे. धरणाच्या दुसऱ्या टोकाला, पाणी जिथे डोंगरात शिरतं तिथे, रतनवाडी आहे. गावामागे रतनगड, उंची सुमारे १२९७ मीटर. प्रवरेचा उगम याच गडावर मानतात. म्हणजे पहिल्या दिवशी ज्या पाण्याच्या काठाने फिराल, दुसऱ्या दिवशी त्याच पाण्याच्या मुळाकडे चढत जाल, आणि मधला सगळा टप्पा जंगलाचा. तुम्हाला हव्या असलेल्या तिन्ही गोष्टी इथे एकाच नदीने जोडल्या आहेत. म्हणून मी कळसूबाई सुचवत नाही. ते १६४६ मीटरचं राज्यातलं सर्वोच्च शिखर तुम्हाला तिथून समोर दिसत राहील, मुलगी हट्टही धरेल. पण बारी गावातून जाणारी ती वाट बरीचशी उघड्या सोंडेवरची, पायऱ्यांची आणि शिड्यांची आहे. तिच्यावर जंगल फारसं नाही आणि गर्दी भरपूर.

हा सगळा पट्टा १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. शिरताना वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरावं लागतं, पावती जपून ठेवा.

आता वाटांबद्दल, कारण माझ्या मते सगळं इथेच ठरतं. परदेशात डोंगरातल्या वाटा फिरणाऱ्यांसाठी आखलेल्या असतात, त्यांवर पाट्या असतात, ठरावीक अंतरावर खुणा असतात. सह्याद्रीत तसं नाही. इथली प्रत्येक वाट कुणाच्या तरी कामाची आहे. कोणती सरपणाची, कोणती हिरडा गोळा करायला जायची, कोणती देवाची, कोणती पलीकडच्या गावात दिलेल्या लेकीच्या घरी जायची, कोणती घाट उतरून कोकणात बाजाराला जायची. आणि सगळ्यात जास्त संख्या ढोरवाटांची. गुरं रोज चरायला जातात, त्यांच्या खुरांनी वाट इतकी मळते की माणसांच्या वाटेपेक्षा तीच ठळक दिसते. नवखा माणूस ठळक वाट धरतो आणि फसतो. ढोरवाट पाण्याशी संपते नाहीतर चाऱ्याशी, गडाच्या दरवाजाशी ती कधीच जात नाही.

ओळखायची कशी? ढोरवाट उतारावर आडवी, जवळजवळ सपाटीने जाते, तिला समांतर दोन-तीन फाटे असतात, ते थोड्या अंतराने पुन्हा एकत्र येतात. तिच्यावर फांद्या कमरेच्या उंचीपर्यंतच मोकळ्या झालेल्या असतात, कारण जनावराच्या पाठीची उंची तेवढीच. माणसाच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंत फांद्या छाटलेल्या दिसतात, चढावर दगडाच्या पावठ्या लागतात, झाडांच्या बुडावर कोयत्याचे जुने वार दिसतात. सरपणाच्या मोळ्या जिथून जातात तिथे दोन्ही बाजूंची कारवीची झुडपं मोळीच्या रुंदीएवढी मागे रेटलेली असतात. हे मी कुठल्या शिबिरात शिकलो नाही. रतनवाडीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी एका दुपारी मला चालता चालता दाखवलं. त्याआधी सात-आठ वर्षं मी फक्त पायाखाली बघत चालत होतो.

रतनवाडीहून गडाकडे जाताना एक फाटा येतो, तो विशेष लक्षात ठेवा. गाव सोडल्यावर वाट प्रवरेच्या पात्रालगत जाते, पात्र काही वेळा ओलांडते, मग जंगलात शिरते. आत गेल्यावर सरळ जाणारी वाट कात्राबाईच्या खिंडीकडे आणि पुढे हरिश्चंद्रगडाकडे जाते, रतनगडाला मात्र उजवीकडे वर वळावं लागतं. २००६ च्या डिसेंबरात पहाटेच्या धुक्यात मी हा फाटा चुकलो. बरोबर नऊ जण होते. वाट छान होती, सावली होती, चढही सोपा, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. तासाभराने दोन वाटा आल्या, त्यांतली ठळक मी धरली, ती एका डबक्याशी संपली. तिथे म्हशी निवांत बसलेल्या. परत फिरलो, फाट्यावर आलो तेव्हा दहा वाजून गेले होते. त्या दिवशी गड सोडून दिला. मंडळी नाराज झाली, पण तोच निर्णय पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी पुन्हा घेईन.

आता तुमच्या फाइलबद्दल. ती जरूर जवळ ठेवा, फोन विमान मोडवर टाकून वापरा म्हणजे बॅटरी टिकते. पण ती फाइल म्हणजे कुणीतरी एके दिवशी चाललेली रेघ. तो पावसाळ्यात गेला असेल तर पात्र वरच्या अंगाने ओलांडलं असेल. तो स्वतः चुकून परत आला असेल तर ती चूकही रेघेत आहे. शिवाय कड्याखालच्या दाट झाडीत उपग्रहाचा अंदाज कधी कधी तीस-चाळीस मीटर सरकतो. पठारावर त्याने काही बिघडत नाही, पण पदरातल्या, म्हणजे कड्याखालच्या टप्प्यावरच्या, जंगलात तीस मीटर म्हणजे वेगळी ढोरवाट. वाटाड्याला या वर्षी कोणतं झाड पडलंय, कुठे दरड आलीय, कोणत्या कपारीत आग्या मोहोळ बसलंय हे ठाऊक असतं.

मोहोळाचं गांभीर्याने घ्या. आपल्या डोंगरांत बिबट्याची भीती सगळ्यांना वाटते, पण माणसं जखमी होतात ती आग्या माश्यांनीही. कड्याखाली, गुहेजवळ, नेढ्याच्या (माथ्यावरच्या कातळातल्या भगदाडाच्या) आसपास वर नजर टाकायची सवय लावा. अत्तर, सुवासिक तेल नको. गडावर धूर अजिबात नको. आरडाओरडा नको. माशी अंगाभोवती घोंघावली तर हात न झटकता तोंड झाकून सावकाश मागे सरका, आणि पोळं उठलंच तर झाडीत शिरून जमेल तितकं लांब जा. मुलीला हे गावातच समजावून सांगा, गडावर सांगायला वेळ मिळत नाही.

हंगामाचं बघू. जून ते सप्टेंबर इथे पाऊस कोसळतो. शेजारच्या घाटघरला काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा सोनकीचा आणि रानफुलांचा काळ, गड पिवळा होतो, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण त्याच शनिवार-रविवारी गडाच्या शिडीखाली रांगा लागतात, आणि दुपारी परतीचा पाऊस गाठतो. एका ऑक्टोबरात आम्ही चारच्या सुमारास उतरत होतो. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेलं पात्र मांडीपर्यंत चढलं होतं, रंग गढूळ, आणि आत दगड गडगडत असल्याचा आवाज. दोर होता, अंगात जोरही होता, तरी थांबलो. सुमारे दोन तासांनी पाणी ओसरलं. तेवढ्यात सरपण घेऊन येणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "अरं, इथं कशाला उभे राहिलात? वर मोठ्या दगडापाशी चला, तिथं पात्र रुंद हाय, पाणी पसरतंय." सह्याद्रीतला ओढा ज्या वेगाने भरतो त्याच वेगाने उतरतो. तो ओलांडायची घाई हाच बऱ्याच अपघातांचा उगम आहे.

नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत तुमच्यासाठी उत्तम. आकाश मोकळं, गडावरच्या टाक्यांत पाणी, जंगल अजून हिरवं, ओढे बारीक. गावात भाताची काढणी-झोडणी संपत आलेली असते, घरच्या माणसांना बोलायला सवड असते. पहाटे कडाक्याची थंडी पडते, कानटोपी हवीच. फेब्रुवारीनंतर गवत वाळतं, वणवे लागतात. मार्चपासून उन्हात सासूबाईंना घेऊन चढू नका.

पहिला दिवस धरणाकाठचा ठेवा. मुंबईहून आलात तर इगतपुरी-घोटीवरून शेंडी, पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर करत. शेंडीहून धरणाला वळसा घालणारा रस्ता चाळीसेक किलोमीटरचा आहे: मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी. गाडीने पुरा वळसा घालण्यापेक्षा रतनवाडीत सामान टाका आणि तिथून कोलटेंभ्याच्या दिशेने काठाकाठाने दोन-तीन तास चाला.

तलावाकाठची वाट दर महिन्याला बदलते, हे बहुतेकांना माहीत नसतं. धरण भरलेलं असताना पाणी खाचरांच्या बांधापर्यंत येतं आणि तुम्हाला बांधावरूनच चालावं लागतं. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं, मग मधल्या गाळपेराच्या (उघड्या पडलेल्या गाळात पेरतात त्या) पट्टीवरून नवी वाट पडते. नोव्हेंबरमध्ये तुम्ही बहुतेक बांधावरून जाल. एकामागून एक चाला. कापणी झालेली नसेल तर पीक तुडवायचं नाही, खळं लागलं तर वळसा घालून पुढे जायचं. काठावरचा गाळ वरून सुकलेला दिसतो, पण पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत जातो. गुरांच्या ताज्या खुणा जिथे आहेत तिथेच पाण्याजवळ जा. पोहायला उतरू नका, मुलीलाही उतरू देऊ नका. तळ एकदम खोल होतो, खाली बुडालेली खोडं आहेत, आणि हिवाळ्यात पाणी गार असतं.

संध्याकाळी अमृतेश्वराच्या देवळात बसा. शिलाहार काळातलं मानलं जाणारं हे मंदिर, कोरीव खांब आणि शिखर अजून शाबूत. जवळच पायऱ्यांची पुष्करणी आहे, तिच्या कोनाड्यांत मूर्ती आहेत. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साठतं. मी दरवेळी तिथे अर्धा तास नुसता बसतो. दगडावर कोरलेली वेलबुट्टी तिरप्या उन्हात जशी उठून दिसते तशी भर दुपारी दिसत नाही.

दुसरा दिवस गडाचा. साडेसहाला घर सोडा. उंचीतला फरक पाचशे मीटरच्या वर आहे. तुमच्या चालीने शिडीपर्यंत तीन तास धरा. पहिला तास सोपा, दुसऱ्या तासात जंगल दाट होतं. हिरडा, जांभूळ, आणि त्यांच्याखाली कारवी. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते, एरवी तिची फक्त खरखरीत पानं अंगाला लागतात. म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट. बिबटे या भागात आहेत, दिवसा ते माणसाच्या आवाजानेच दूर राहतात. सांजसकाळ मुलीला रांगेच्या मधे ठेवा, एवढं पुरे.

शेवटी लोखंडी शिड्या येतात. एका वेळी शिडीवर एकच जण. काठी पिशवीला बांधून टाका, दोन्ही हात मोकळे हवेत. मुलीच्या मागे तुम्ही स्वतः चढा, पुढे वाटाड्या. सासूबाईंच्या बाबतीत निर्णय शिडीच्या पायथ्याशी घ्या आणि त्यांनाच घेऊ द्या. त्या म्हणाल्या नको, तर कुणीतरी त्यांच्याबरोबर खाली झाडीत थांबा. तिथवरचं जंगल हाच या वाटेचा गाभा आहे, ते त्यांनी पाहिलेलं असेल. शिडीनंतर गणेश दरवाजा, मग गुहा. एकीत रत्नादेवी आहे, दुसरी प्रशस्त आहे, दहा-पंधरा माणसं सहज मावतात. गडावर मुक्काम करू नका. कचरा आणि उघड्यावरचे विधी यांनी टाक्यांच्या आसपासची जागा खराब होते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

माथ्यावर पाण्याची टाकी ओळीने आहेत. वाटाड्याला विचारून पिण्याचं कोणतं ते बघा आणि तरीही गाळून, औषध टाकून प्या. गावातून निघताना माणशी तीन लिटर पाणी घेतलेलं बरं. पुढे नेढं. कातळाला आरपार पडलेलं हे भगदाड वाऱ्याने घडवलंय असं म्हणतात, आणि वारा तिथे खरोखर उभं राहू देत नाही. बसूनच आत सरका. एका अंगाला खाली धरणाचं पाणी, समोर अलंग-मदन-कुलंग हे गड आणि कळसूबाईची रांग, दक्षिणेला कात्राबाई, त्यामागे हरिश्चंद्रगड. काल ज्या काठाने चाललात तो काठ वरून शोधायला मुलीला सांगा, तिला खूप आवडेल.

परतीची वेळ निघण्याआधी ठरवा: दुपारी एक. नेढं राहिलं असलं तरी एकला वळायचं. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण पदरातल्या झाडीत त्याआधी अर्धा-पाऊण तास अंधारतं. उतरताना गुडघे चढण्यापेक्षा जास्त बोलतात, त्यामुळे उतरायला चढण्याएवढाच वेळ धरा. पलीकडे त्र्यंबक दरवाजातून कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी साम्रदला उतरता येतं, वाट खुट्ट्याच्या सुळक्याशेजारून जाते आणि फार देखणी आहे. पण पायऱ्या उंच, काही तुटक्या, आणि साम्रदहून रतनवाडीला गाडीची सोय लागते. या खेपेला आल्या वाटेनेच उतरा.

तिसऱ्या दिवशी पाय दुखत असतील. कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत-पाचनईला जाणारी वाट या भागातली मला सर्वात प्रिय, पण तो सकाळ ते संध्याकाळचा पल्ला आहे, तुमच्या गटाला झेपणार नाही. त्याऐवजी त्याच वाटेने फाट्याच्या पुढे तासभर जंगलात जा, एखाद्या ओढ्यापाशी बसा आणि परत या. वाटाड्याला सांगा, झाडं दाखवा. हिरडा कधी गोळा करतात, कशाच्या पानावर गुरं तुटून पडतात, कोणत्या झाडाला हात लावायचा नाही, हे ऐकत चाललात तर दोन तास कुठे गेले कळत नाही. साम्रदजवळच्या सांदण दरीबद्दल कुणी भुलवलं तरी पहिल्या पाण्याच्या डबक्यापर्यंतच जा. पुढे दोराचं काम आहे आणि ढग दिसले तर दरीत पाऊलही टाकू नका.

राहायचं ते गावातल्या घरी. इथे बहुतेक महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबं आहेत. जेवायला नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, खुरासणीची चटणी, आणि हंगाम असेल तर काळभाताचा भात, त्याचा वास आधी ओटीवर येतो. आदल्या दिवशी माणसं किती ते कळवा. तिथे किराणा पटकन मिळत नाही, आयत्या वेळी दोन माणसं वाढली की घरातली बाई स्वतःचं ताट कमी करते. पैसे घरच्या बाईच्या हातात द्या, घासाघीस करू नका. वाटाड्याचा दिवसाचा दर आधी ठरवा आणि त्याच्या जेवणा-पाण्याची सोय तुमच्याकडे. त्याला 'गाइड' न म्हणता मामा, दादा म्हणा, वयाने मोठा असेल तर बाबा.

सामानात फार काही नको. खडबडीत रबरी तळव्याचे बूट, शेवाळलेल्या कातळावर तेच पकडतात. प्रत्येकाच्या कपाळाला एक विजेरी, अगदी दुपारी उतरणार असलात तरी. मीठ-साखरेची पाकिटं, क्रेप बँडेज, शिट्टी, प्रत्येकाची नेहमीची औषधं. झाडीत फांदीवर चापडा आणि दगडाखाली फुरसं हे विषारी साप असू शकतात, न बघता हात टाकायचा नाही. दंश झालाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही करू नका. तो भाग हलू न देता रुग्णाला उचलून खाली आणायचं आणि दवाखान्याकडे निघायचं. १०८ आणि ११२ हे क्रमांक लागतील, पण जंगलात रेंज बहुतेक नसते. म्हणून गावात एका घरी सांगून निघा की चारला परत येतोय, सहापर्यंत दिसलो नाही तर माणसं पाठवा.

राहिले काजवे. मेअखेर ते जूनच्या पहिल्या सरींपर्यंत हिरडा, सादडा, बेहड्यासारख्या झाडांवर हजारो काजवे एका लयीत उजळतात. ते लुकलुकणं म्हणजे नर-मादीने एकमेकांना शोधायची भाषा आहे. पूर्ण वाढलेला काजवा थोडेच दिवस जगतो आणि तेवढ्यात त्याला जोडीदार गाठायचा असतो. गाड्यांचे दिवे, विजेऱ्या, फोनचे फ्लॅश पडले की ती भाषा पुसली जाते. शनिवारी रात्री त्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि माद्या गवतात, कडेच्या झुडपांत असतात, तिथेच माणसं पाय ठेवतात. मला हे बघवत नाही. मुलीला दाखवायचेच असतील तर पुढच्या वर्षी मंगळवार-बुधवारी या, गाडी गावात ठेवा, दिवा न लावता वाटाड्याच्या मागे रस्त्यावरूनच चाला आणि झाडापासून लांब उभ्या राहा. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात. तोवर तिचा हात धरून ठेवा.